चालत्या यंत्राचा गाभा बदलताना



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींना असे वाटले असेल, की ही गोष्ट अभियांत्रिकी महाविद्यालयातील वर्गात सांगावयाची. वर्ध्याचे ऊन कलल्यावर मोकळ्या हवेत बसून ऐकावयाची नव्हे. हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. ज्या यंत्रांवर आज आपले निवृत्तिवेतन जमा होते, कापसाचे चुकारे खात्यात येतात आणि चहाच्या टपरीवरील दहा रुपयेसुद्धा फिरतात, त्या यंत्रांच्या पोटात, ती चालू असतानाच, हात घालून एखादा अवयव बदलला जातो. तो कसा बदलतात, त्यात धोका कोणता आणि तसा हात घालण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न तंत्रज्ञांचा जेवढा आहे तेवढाच आपलाही आहे.

पूर्वी बँकेला संध्याकाळ होती. दारे बंद झाली, की वह्या मिळवावयाच्या, चुका शोधावयाच्या, यंत्र असेल तर त्याला तेलपाणी करावयाचे. ती संध्याकाळ आता उरली नाही. रिझर्व्ह बँकेने १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस, या पैसे पाठविण्याच्या दोन्ही व्यवस्था वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास खुल्या केल्या. मुंबईच्या राष्ट्रीय भुगतान निगमाची यूपीआय ही व्यवस्था तर २०१६ साली जन्मली तीच रात्रीशिवाय. इकडे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आल्या त्यालाही बरीच वर्षे झाली. आणि रुग्णालयाला रात्र कधीच नव्हती. मग दुरुस्ती करावयाची केव्हा? येथून आमच्या विषयाला आरंभ होतो.

संगणकातील जी मूळ आज्ञावली इतर सर्व आज्ञावलींना स्मृती, वेळ, तबकडी आणि तारा वाटून देते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. आणि तिचा जो अगदी आतला भाग, त्याला कर्नेल. शब्द भारदस्त वाटला तरी अर्थ आपल्या शेतातलाच आहे. भुईमुगाच्या शेंगेचे टरफल आणि आतला दाणा. वापरणारा ज्याच्याशी बोलतो ते टरफल, आणि आत सर्व सत्ता हाती घेऊन बसलेला तो दाणा. आम्ही त्याला गाभा म्हणू. जगातील बहुतेक मोठ्या सेवायंत्रांवर आज लिनक्स नावाचा गाभा चालतो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला आणि पुढे हजारो लोकांनी वाढविला. तो सर्वांना वाचावयास खुला आहे. म्हणून त्यातील दोषही सर्वांना दिसतात, चांगल्यांना आणि वाईटांनाही.

दोष किती मुरलेले असतात याचे एक उदाहरण देतो. २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात 'डर्टी काऊ' या विनोदी नावाने ओळखला जाणारा एक दोष उघडकीस आला. ज्याला फक्त वाचण्याची मुभा आहे असा साधा वापरणाराही, दोन कामांची गाठ नेमक्या क्षणी घालून, न लिहावयाच्या जागी लिहू शकत असे, आणि तेवढ्यावरून यंत्राचा धनी बनू शकत असे. हा दोष २००७ पासून गाभ्यात होता. म्हणजे नऊ वर्षे जगातील असंख्य यंत्रांच्या कोठारांना कडी नव्हती, आणि सांगावयाचे तर ती नाही हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते. ज्या दिवशी ते जाहीर झाले त्या दिवशी दुरुस्तीही जाहीर झाली. परंतु दुरुस्ती जाहीर होणे निराळे आणि ती आपल्या यंत्रात उतरणे निराळे. गाभा बदलावयाचा तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. मोठ्या यंत्राला नुसते उठून बसावयासच कित्येक मिनिटे लागतात; त्यावर विसंबलेली दहा यंत्रे ताटकळतात; आणि यंत्रपालाच्या मनात एक भीती असते, ती तो कोणाला सांगत नाही. दोन वर्षे अखंड चाललेले हे यंत्र बंद केल्यावर पुन्हा उठेल ना?

म्हणून तो म्हणतो, 'रविवारी करू.' अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात जेफ अर्नोल्ड नावाचा विद्यार्थी २००६ च्या सुमारास विद्यार्थिसंघाचे एक सेवायंत्र सांभाळीत असे. दुरुस्ती आली, पण लोकांची गैरसोय नको म्हणून त्याने ती आठवड्याच्या अखेरीवर ढकलली. चोराने तेवढा धीर धरला नाही. त्या चोरीतून त्याच्या डोक्यात जो प्रश्न शिरला त्याचे उत्तर म्हणजे केस्प्लाइस ही पद्धती. यंत्र न थांबविता गाभ्याची दुरुस्ती करता येईल काय? त्याने आणि त्याचे अध्यापक फ्रान्स काशुक यांनी २००९ साली आपला प्रबंध वाचला. मे २००५ ते मे २००८ या तीन वर्षांत लिनक्सच्या गाभ्यातील सुरक्षिततेच्या ६४ महत्त्वाच्या दुरुस्त्या त्यांनी तपासल्या होत्या. त्यांपैकी ५६ दुरुस्त्या एक ओळही नव्याने न लिहिता चालत्या गाभ्यात घालता आल्या. उरलेल्यांना सरासरीने सतराएक ओळी लिहाव्या लागल्या. पुढे २०११ साली ऑरॅकल या कंपनीने तो उद्योगच विकत घेतला.

हिंगणघाटच्या गिरण्यांत सूतखात्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, अशी काही मंडळी येथे असतील. त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. घरी चरख्यावर सूत तुटले तर आपण चाक थांबवितो आणि पेळूशी धागा पुन्हा सांधतो. गिरणीतल्या साच्यावर शेकडो चात्या एकाच वेळी फिरतात. एका धाग्यासाठी सगळा साचा कोण थांबवील? कामगार चालत्या साच्यावरच तुटलेले टोक पकडून सांधून टाकतो. मात्र फिरती चाती बोटाने नेमकी कशी धरावयाची, याचे शिक्षण त्याला आधी मिळालेले असते, आणि न मिळालेल्याची बोटे जातात.

आता या बोटांचा प्रश्न पाहू. गाभा म्हणजे शेवटी स्मृतीत ओळीने मांडलेल्या आज्ञा. एकेक आज्ञा एका अक्षराची, कधी पाच अक्षरांची, कधी पंधरा अक्षरांचीही असते. यंत्रात आज एकच मेंदू नसतो. आठ, सोळा, कधी शंभरावर मेंदू एकाच मजकुरातून एकाच वेळी वाचीत असतात. समजा, आपण पाच अक्षरांची आज्ञा पुसून दुसरी लिहावयास घेतली. आपली दोन अक्षरे लिहून झाली आहेत, तेवढ्यात दुसरा मेंदू तेथे पोचला. त्याने दोन नवी आणि तीन जुनी अक्षरे मिळून जे वाचले ती कोणीच न दिलेली आज्ञा. तो ती इमानाने पाळतो, आणि यंत्र कोसळते. किंवा, जे अधिक वाईट, कोसळत नाही. चुकीचे काम करीत राहते.

यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. आपल्या परिचित प्रोसेसरांत 'थांब आणि विचार' अशी एक आज्ञा असते, आणि ती नेमकी एका अक्षराची असते. एक अक्षर कधी अर्धे वाचले जात नाही. म्हणून प्रथम जुन्या आज्ञेच्या पहिल्या अक्षरावर ती 'थांब' आज्ञा बसवितात. मग सर्व मेंदूंना हाक देऊन प्रत्येकाने ती पाटी पाहिली आहे याची खात्री करतात. आता तेथे येणारा प्रत्येक जण पाटीपाशी अडतो आणि त्याला बाजूच्या वाटेने काढून देता येते. म्हणून मागील चार अक्षरे निर्धास्तपणे बदलतात. पुन्हा सर्वांना हाक. शेवटी पहिले अक्षर बदलून पाटी उतरवितात. पुन्हा हाक. रेल्वेच्या फाट्यावर सांधे बदलताना आधी सिग्नल धोक्याचा ठेवतात, मग रूळ हलवितात, रूळ घट्ट बसल्यावरच सिग्नल देतात. तोच हा क्रम. वर्धा-सेवाग्रामच्या यार्डात हावड्याची, दिल्लीची, मद्रासची आणि मुंबईची वाट एकमेकींना भेटते, तेथे हा क्रम उलटला तर काय होईल, हे आम्ही सांगावयास नको.

ही 'थांब'ची पाटी गाभ्यात हवी तेथे लावून तिथली हालहवाल पाहण्याची सोय लिनक्समध्ये आली ती भारतीय हातांनी, हे येथे मुद्दाम सांगतो. केप्रोब्ज नावाची ती सोय बंगळूर येथील आयबीएमच्या वम्सी कृष्णा यांनी २००२ साली लिहिली आणि प्रसन्ना पंचमुखी यांनी २००४ साली ती पुढे नेली. गाभ्याच्या त्या पानाच्या शिरोभागी दोघांची नावे आजही आहेत. आपल्याकडे नावाजण्याजोगी कामे बऱ्याचदा अशी पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत असतात.

ही काळजी नसली तर काय होते, याचा दाखला २००८ साली मिळाला. स्टीव्हन रोस्टेड यांची एफट्रेस ही योजना त्या वर्षी गाभ्यात येत होती. गाभ्यातील प्रत्येक कृतीच्या, म्हणजे फंक्शनच्या, आरंभी पाच अक्षरांची एक मोकळी जागा ठेवावयाची. एरवी तेथे 'काही करू नको' अशी आज्ञा. आणि निरीक्षण करावयाचे असेल तेव्हा त्या जागी 'इकडे येऊन जा' अशी आज्ञा भरावयाची. कल्पना उत्तम. पण जागांची जी यादी ठेवली होती, तीत अशाही काही जागा होत्या, की जेथील मजकूर एकदाच वापरून मोडून टाकलेला होता. मोडलेल्या घराची ती जागा पुढे दुसऱ्या भाडेकरूला गेली. तो भाडेकरू म्हणजे इंटेलच्या एका जाळे-कार्डाची कायम स्मृती. एफट्रेस जुन्या पत्त्यावर गेले. 'पूर्वीचा मजकूर असेल तरच बदल' अशी सावध आज्ञा त्याने दिली होती. परंतु त्या आज्ञेची खोड अशी, की तुलना जुळली नाही तरी ती वाचलेलेच परत लिहिते. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही. कार्डाच्या कायम स्मृतीत मात्र लिहिण्याचा अर्थच वेगळा. कार्डे निकामी होऊ लागली, आणि कित्येक आठवडे लोक बिचाऱ्या कार्डाच्या चालकालाच दोष देत होते! ९ ऑक्टोबर २००८ ला गाभ्याची नवी आवृत्ती निघाली आणि आठवड्याच्या आतच ही सोय बंद करणारी दुरुस्ती काढावी लागली. पुढच्या आवृत्तीत जागांची यादी गाभा घडवितानाच पक्की करण्याची रीत आली. आजची चालती दुरुस्ती त्याच मोकळ्या जागांतून होते. जुनी कृती पुसत नाहीत. तिच्या दारातली आज्ञा बदलून येणाऱ्याला नव्या कृतीकडे वळवितात. जुनी कृती जागच्या जागी राहते, म्हणून बदल नको झाला तर मागेही घेता येतो.

अक्षरांचा प्रश्न सुटला; पण माणसांचा राहिला. माणसे म्हणजे चालू असलेली कामे. दारावर पाटी बदलली, तरी आधीच आत शिरलेल्यांचे काय? एखादे काम जुन्या कृतीच्या मध्यावर झोपलेले असेल, ते उठून जुन्या रीतीनेच पुढे जाईल, आणि बाहेर नव्या रीतीने चाललेल्या कामाशी त्याची गाठ पडेल. येथे आम्हांला दोन जुन्या घटना आठवतात. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना सगळी वाहने थांबविली, ती सावकाश पलीकडे नेऊन पुन्हा उभी केली, आणि पाचाच्या ठोक्याला सोडली. अर्धा देश डावीकडून व अर्धा उजवीकडून, असे चालणार नव्हते. उलट आपण १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै सोडून दशमान नाणी घेतली, तेव्हा देश एक क्षणही थांबला नाही. जुनी नाणी आणि नवे पैसे पुढे काही वर्षे एकाच गल्ल्यात नांदले. पावलीचे पंचवीस आणि अधेलीचे पन्नास नवे पैसे बरोबर होत; पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा कोणाच्या पदरात पडावयाचा, यावरून आठवडी बाजारात किती तोंडे वाजली ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

गाभ्याच्या बाबतीतही हेच दोन पंथ झाले. केस्प्लाइसचा मार्ग स्वीडनचा: सर्व मेंदू क्षणभर, हजारांश सेकंदाहूनही कमी काळ, थांबवावयाचे; जुन्या कृतीच्या आत किंवा तिच्याकडे परतण्याच्या वाटेवर कोणी आहे काय ते प्रत्येक कामाच्या नोंदीत पाहावयाचे; कोणी नसेल तर बदल करावयाचा, असेल तर सोडून देऊन थोड्या वेळाने पुन्हा पाहावयाचे. २०१४ साली रेड हॅट या कंपनीने केपॅच नावाने याच वळणाची पद्धती काढली. त्याच सुमारास सूझे या कंपनीच्या मंडळींनी केग्राफ्ट काढली, ती नव्या पैशांच्या वळणाची: कोणालाच थांबवावयाचे नाही, जे काम गाभ्यातून बाहेर पडेल ते पुढच्या वेळी नव्या जगात शिरेल, सगळी कामे ओलांडून होईपर्यंत दोन्ही जगे शेजारी नांदतील. दोन्ही पंथांना समान असा पाया १२ एप्रिल २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत आला, आणि २०१७ साली दोघांचा मेळ घालणारी रीत: झोपलेल्या कामांची नोंद पाहून त्यांना तेथेच ओलांडून टाकावे, उरलेल्यांना उंबरठ्यावर ओलांडावे. कंपन्यांनी आपापले घोडे पुढे दामटण्याऐवजी एका ओट्यावर बसून हे ठरविले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

सव्वासहाचा पेच मात्र कोणत्याच पंथाने पूर्ण सुटत नाही. जुनी कृती एखादी रक्कम पैशांत टिपते आणि नवी ती रुपये समजून वाचते, असा बदल असेल तर दारावरची पाटी कितीही चतुराईने बदला, हिशेब बिघडणारच. नोंदीच्या जुन्या रकान्यांत नवा रकाना घालावयाचा असेल तर त्याला पुरवणी जोडण्याची सोय आहे. पण नोंदींचा अर्थच पालटत असेल तर शहाणा माणूस यंत्र बंद करतो. दुसरी अडचण आज्ञा-संकलकाची. तो घाई म्हणून लहान कृती मोठ्या कृतीतच मिसळून टाकतो. मग मूळ पानावर एक ओळ बदलली तरी यंत्रात ती दहा ठिकाणी विरघळलेली असते. त्या सर्व जागा शोधण्यासाठी जुना आणि नवा गाभा दोन्ही घडवून अक्षराला अक्षर लावून पाहावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधलेच दोष बाहेर आले, तेव्हा गाभ्याच्या स्मृतीची वाटणीच नव्याने करावी लागली. त्या वेळी चालत्या दुरुस्तीची जाहिरात करणाऱ्यांनीही अनेक ठिकाणी गिऱ्हाइकांना 'यंत्र पुन्हा सुरू करा' असेच सांगितले.

आता अधिकाराचा प्रश्न. ज्या दाराने दुरुस्ती आत जाते त्याच दाराने चोरही जाऊ शकतो. चालत्या गाभ्यातील आज्ञा वळवून स्वतःला लपविणे, ही चोरांचीही जुनी विद्या आहे. म्हणून गाभ्याचा मजकूर एरवी 'फक्त वाचा' अशा कुलपात असतो. बदल करणाऱ्यापुरती एक तात्पुरती खिडकी उघडते, ती दुसऱ्या मेंदूला दिसत नाही, आणि काम झाले की मिटते. आत येणाऱ्या दुरुस्तीवर ओळखीची सही नसेल तर तिला परत पाठविण्याची सोयही आहे. परंतु सही खरी असूनही घात होतो. १९ जुलै २०२४ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने विंडोजच्या यंत्रांना एक नवी माहिती-फाईल पाठविली. ती गाभ्यात बसलेल्या तिच्याच पहारेकऱ्याने वाचावयाची होती. पहारेकरी एकविसावा रकाना पाहावयास गेला. त्याच्या हाती दिलेले रकाने वीसच होते. तो पडला आणि यंत्राला घेऊन पडला. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली; तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे पडली होती. आपल्या विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. फाईल आधी शंभर यंत्रांवर, मग हजारांवर, अशी पायरीपायरीने सोडली असती तर हा अनर्थ शंभरावर थांबता. चालते यंत्र बदलण्याचे शास्त्र नुसते एका यंत्रापुरते नाही, हे त्या दिवशी कळले.

म्हणून आमचे मत असे. चालती दुरुस्ती ही दोष कळल्यापासून नियोजित बंदचा दिवस येईपर्यंतची तात्पुरती सोय आहे. तीवर वर्षानुवर्षे संसार थाटू नये. दोन वर्षे बंद न केलेल्या यंत्राचा अभिमान सांगणारे यंत्रपाल आम्हांला भेटतात. ते यंत्र उठेल की नाही हे मात्र त्यांना माहीत नसते, आणि वीज गेल्याच्या रात्री ते कळून उपयोग नसतो. लिनक्सचा गाभा याबाबतीत तरी प्रामाणिक आहे. त्यात एखादी चालती दुरुस्ती घातली की तो स्वतःच्या नोंदवहीत 'के' या अक्षराची खूण करून ठेवतो: मी जन्मलो तसा आता राहिलेलो नाही. बिघाड घेऊन तज्ज्ञाकडे गेलात तर तो प्रथम ही खूण पाहतो.

आपल्या जिल्ह्यातील पतसंस्था, रुग्णालये, बाजार समित्या आणि महाविद्यालये यांच्या पदाधिकाऱ्यांपैकी जे येथे असतील त्यांनी उद्या सकाळी आपल्या यंत्रपालाला तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला घातली, ती चालत्या यंत्रात घातली की बंद करून, आणि पुढील बंद केव्हा आहे. तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर ती बैठकीच्या इतिवृत्तात घालून घ्यावी. शक्यतो हंगाम सुरू होण्यापूर्वीची.